एक सर्व्हर, अनेक डोमेन: ईमेलची खाती कशी मांडावीत

या मालिकेत आम्हाला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आज घेतो आहोत. प्रश्न साधारण असा असतो: "आमच्याकडे भाड्याने घेतलेला एकच सर्व्हर आहे. त्यावर एका शाळेचं संकेतस्थळ आहे, एका मिठाईच्या दुकानाचं आहे आणि गावातल्या वाचनालयाचं आहे. तिघांची डोमेन वेगळी, आणि तिघांनाही 'इन्फो' नावाचा ईमेल पत्ता हवा आहे. एकाच सर्व्हरवर हे जमेल का, की तीन सर्व्हर घ्यावे लागतील?"

उत्तर सरळ आहे. जमतं. तीनच काय, तीनशे डोमेनसुद्धा एका सर्व्हरवर राहू शकतात. पण "जमतं" आणि "नीट चालतं" यात अंतर आहे. खाती तयार होतात, चाचणीची मेल येते, सगळे खूश होतात. मग महिन्याभराने शाळेच्या प्रवेशाची पत्रं पालकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि कारण शोधायला गेलं तर ते दुकानाच्या दिवाळीच्या जाहिरातीत सापडतं. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

विषयाचे तीन भाग करू. पहिला, बाहेरची मेल आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचते कशी. दुसरा, आत आल्यावर ती योग्य पेटीत पडते कशी. आणि तिसरा, आपण पाठवलेल्या मेलवर जग विश्वास ठेवतं कसं. हे तीन भाग एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. वेगळे ठेवले तर काम फारसं अवघड नाही.

पत्त्याची उजवी बाजू

ईमेल पत्त्यात मधोमध 'अ‍ॅट'चं चिन्ह असतं. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवताना ते निवडलं. डावीकडे माणूस, उजवीकडे यंत्र, अशी ती सोपी विभागणी होती. तेव्हा उजवीकडे खरोखरच यंत्राचं नाव असायचं. आज तिथे डोमेन असतं, आणि डोमेन म्हणजे यंत्र नव्हे. आजचा अर्धा विषय या फरकात आहे.

हा फरक अधिकृत झाला 1986 मध्ये, एमएक्स नोंदीमुळे. डीएनएसमध्ये आपण लिहून ठेवतो की "या डोमेनची मेल अमुक नावाच्या यंत्राकडे द्या." पाठवणारा सर्व्हर आधी ती नोंद वाचतो, मग त्या यंत्राचा आयपी पत्ता शोधतो आणि 25 क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन दार ठोठावतो.

आपल्या पोस्टाचा पिन कोड आठवा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. पिन कोड तुमच्या घराचा नसतो, तुमचं पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचा असतो. एकाच पोस्ट ऑफिसच्या हद्दीत दहा गल्ल्या असतात आणि दहाही गल्ल्यांचा पिन एकच. एमएक्सचं तसंच आहे. शाळा, दुकान आणि वाचनालय या तीन गल्ल्या, आणि तिघांच्या एमएक्समध्ये एकाच मेल सर्व्हरचं नाव. डीएनएसला यात काहीही वावगं वाटत नाही.

इथे तीन गोष्टी पाळा. एक, एमएक्समध्ये आयपी पत्ता लिहायचा नसतो, नाव लिहायचं असतं. आणि ते नाव थेट आयपीकडे नेणारं असावं, सीनेम नोंदीतून दुसऱ्या नावाकडे वळवलेलं नसावं. दोन, एमएक्ससोबत एक आकडा असतो, आणि लहान आकडा आधी वापरला जातो. 10 आणि 20 असे दोन सर्व्हर असतील तर मेल पहिल्यांदा 10 कडे जाईल. तीन, प्रत्येक डोमेनसाठी वेगळं मेल सर्व्हरचं नाव करत बसू नका. तिघांनी एकच नाव वापरलं की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रही त्या एका नावाचं पुरतं. ते नाव शक्यतो तटस्थ ठेवा, कारण मेलच्या तांत्रिक शीर्षकात ते दिसतं. मिठाईच्या गिऱ्हाइकाला तिथे शाळेचं नाव का दिसावं?

आत आल्यावर पेटी कोणती?

मेल दारात आली. आता सर्व्हरने ठरवायचं, ही कोणाची. इथून पुढे आम्ही पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही जोडी गृहीत धरतो. पोस्टफिक्स विट्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं, ते 1998 मध्ये बाहेर आलं. ते मेलची ने-आण करतं. डोव्हकॉट टिमो सिराइनेन यांचं, 2002 पासूनचं. ते पेटी सांभाळतं आणि तुमच्या फोनला किंवा संगणकाला मेल वाचायला देतं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तरी मांडणीचा विचार तोच राहतो.

जुनी पद्धत अशी होती की सर्व्हरवर ज्याचं लिनक्स खातं, त्याला मेलपेटी. 'इन्फो' नावाचं एक खातं केलं की 'इन्फो'ची मेल तिथे जमा. एका डोमेनला हे ठीक आहे. पण तीन डोमेनचे तीन 'इन्फो' असतील तर? लिनक्सवर 'इन्फो' नावाचं खातं एकच असू शकतं. मग शाळेची फी, पेढ्यांची ऑर्डर आणि पुस्तकांची थकबाकी एकाच पेटीत येऊन पडते. शिवाय ज्याला फक्त मेल वाचायची आहे, त्याला सर्व्हरवर खरं खातं देणं हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे.

म्हणून पोस्टफिक्स डोमेनचे वर्ग करतं. त्यातले तीन आपल्या कामाचे. पहिला वर्ग स्थानिक: यात फक्त सर्व्हरचं स्वतःचं नाव ठेवायचं, म्हणजे यंत्राचे स्वतःचे निरोप तिथे येतात. दुसरा वर्ग आभासी टोपणनावांचा: या डोमेनला स्वतःच्या पेट्या नसतात, आलेली प्रत्येक मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळते. तिसरा वर्ग आभासी पेट्यांचा: इथे प्रत्येक पूर्ण पत्त्याला स्वतंत्र पेटी मिळते. आपली तिन्ही डोमेन या तिसऱ्या वर्गात जातील.

एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवा: कोणतंही डोमेन एका वेळी एकाच वर्गात. तेच डोमेन स्थानिक यादीतही आणि आभासी यादीतही लिहिलं, तर पोस्टफिक्स नोंदवहीत इशारा लिहितं आणि मेल भलत्याच नियमाने जाऊ लागते. "पेटी केली आहे, तरी 'असा वापरकर्ता नाही' म्हणून मेल परत येते" अशी तक्रार आली तर आम्ही सगळ्यात आधी या याद्या तपासायला सांगतो.

आभासी पेट्यांची मांडणी तीन तक्त्यांत बसते. पहिल्या तक्त्यात डोमेन. दुसऱ्यात पेट्या: पूर्ण पत्ता आणि संकेतशब्दाचा हॅश. तिसऱ्यात टोपणनावं: कोणत्या पत्त्याची मेल कोणाकडे वळवायची. पाच-दहा खाती असतील तर साध्या मजकुराच्या फाइली पुरतात. खाती वाढणार असतील तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल वापरा. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट या दोघांनी एकच तक्ता वाचावा, म्हणजे एकात खातं आहे आणि दुसऱ्यात नाही असा प्रकार होत नाही.

डिस्कवर सगळ्या पेट्यांचा मालक एकच लिनक्स वापरकर्ता असतो. त्याला साधारणपणे 'व्हीमेल' म्हणतात, आणि त्याला सर्व्हरवर लॉगिन करता येत नाही. त्याच्या फोल्डरात प्रत्येक डोमेनचं फोल्डर, आणि त्यात प्रत्येक माणसाचं. शाळेच्या फोल्डरात 'इन्फो', दुकानाच्या फोल्डरातही 'इन्फो'. चाळीत प्रत्येक मजल्यावर जोशी असू शकतात. मजला सांगितला की झालं. म्हणूनच वापरकर्त्याने लॉगिन करताना नुसतं 'इन्फो' न लिहिता पूर्ण पत्ता लिहायचा. फोनवर खातं जोडताना बरेच जण इथेच अडकतात, तेव्हा खातं देतानाच हे कागदावर लिहून द्या.

पेटीचा प्रकार मेलडिर निवडा. त्यात प्रत्येक मेल ही वेगळी फाइल असते. एखादं डोमेन उद्या दुसरीकडे न्यायचं झालं, तर त्याचं फोल्डर उचललं की काम झालं. बॅकअपही डोमेननिहाय घेता येतो.

आता दोन सवयींबद्दल बोलू. एक चांगली, एक वाईट. चांगली अशी की प्रत्येक डोमेनला 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' हे पत्ते द्यायचे आणि ते टोपणनावाने तुमच्याकडे वळवायचे. जगातला दुसरा सर्व्हर-व्यवस्थापक तक्रार करायची तर या पत्त्यांवर करतो. वाईट सवय म्हणजे 'जे येईल ते सगळं घ्या' अशी पेटी. नाव चुकलं तरी मेल मिळावी, हा हेतू चांगला. पण स्पॅम पाठवणारे हजारो काल्पनिक नावांवर मेल टाकतात आणि ती सगळी तुम्ही स्वीकारत बसता. नसलेल्या नावाची मेल दारातच नाकारा. आधी घेऊन मग परत पाठवू नका, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि तुमचं 'परत' भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतं.

बाहेर जाणारी मेल: कोण कोणाच्या नावाने?

सर्व्हर-सर्व्हरमधली मेल 25 वर चालते. तुमच्या माणसांनी मेल पाठवायची ती 587 किंवा 465 वर, संकेतशब्द देऊन, सुरक्षित जोडणीतून. वाचायची ती 993 वर. हे दरवाजे वेगळे ठेवा. 25 वर येणाऱ्याकडून फक्त आपल्या तीन डोमेनची मेल घ्यायची. कोणाचीही मेल कुठेही पोहोचवणारा सर्व्हर म्हणजे 'ओपन रिले', आणि असा सर्व्हर स्पॅमवाल्यांना सापडायला फार वेळ लागत नाही.

अनेक डोमेन असताना इथे एक फट राहते. दुकानाच्या माणसाने स्वतःच्या संकेतशब्दाने लॉगिन केलं आणि 'प्रेषक' म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांचा पत्ता टाकला, तर? पोस्टफिक्स आपणहून ते अडवत नाही. कोणत्या लॉगिनला कोणते प्रेषक-पत्ते वापरता येतील, याचा तक्ता द्यावा लागतो आणि न जुळणारी मेल नाकारायला सांगावं लागतं. दोन ओळींचं काम आहे. "शाळेकडून आलं आहे, या खात्यात फी भरा" अशी खोटी मेल तुमच्याच सर्व्हरवरून, सगळ्या तपासण्या पार करून जाऊ शकते, एवढं लक्षात घेतलं तर या दोन ओळींचं मोल कळेल.

विश्वास: जग तुमची मेल का घेईल?

हा तिसरा भाग, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो.

आधी सर्व्हरची स्वतःची ओळख. तुमच्या आयपी पत्त्यावरून उलट शोध घेतला की एक नाव मिळालं पाहिजे, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळाला पाहिजे. ही उलटी नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते; ज्यांनी आयपी दिला त्यांच्याकडे, म्हणजे सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडे असते. प्रश्न येतो, "तीन डोमेन आहेत, मग उलट्या नोंदी तीन करायच्या का?" नाही. एक यंत्र, एक नाव. सर्व्हर दुसऱ्याशी बोलताना स्वतःचं जे नाव सांगतो तेच तिथे असावं.

बाकीच्या तीन नोंदी मात्र प्रत्येक डोमेनच्या वेगळ्या.

एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणती यंत्रं मेल पाठवू शकतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. दोन झाल्या तर तपासणी चुकीची ठरते. आणि ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस-शोध लागता कामा नयेत. आपल्या बाबतीत "जे यंत्र माझ्या एमएक्सवर आहे तेच पाठवेल" एवढं पुरतं.

डीकिम म्हणजे सही. सर्व्हर प्रत्येक मेलवर खासगी किल्लीने सही करतो, आणि सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. प्रत्येक डोमेनची किल्ली वेगळी करा. उद्या वाचनालय दुसरीकडे गेलं तर इतरांना हात लावावा लागणार नाही.

डीमार्क या दोघांना वाचणाऱ्याच्या डोळ्यांशी जोडतं. एसपीएफ पाकिटावरचा प्रेषक तपासतं, पण माणसाला दिसतो तो आतल्या कागदावरचा. डीमार्क विचारतं: जे डोमेन दिसतं आहे, त्याच डोमेनचं एसपीएफ किंवा डीकिम खरं ठरलं का? नसेल तर काय करायचं हे तुम्ही ठरवता: काही नको, स्पॅममध्ये टाका, किंवा नाकारा. सुरुवात 'काही नको' पासून करा, येणारे अहवाल काही आठवडे वाचा, आणि मग कडक व्हा. थेट 'नाकारा' लिहिलं आणि शाळेची फी-पावती दुसऱ्याच सेवेतून जात होती, असं नंतर कळलं तर पंचाईत होते.

फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी ही मागणी सक्तीची केली आहे. पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकिम हवंच. आणि जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही, शिवाय एका क्लिकवर नाव काढण्याची सोय.

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे. तिन्ही डोमेनच्या नोंदी वेगळ्या, किल्ल्या वेगळ्या, पेट्या वेगळ्या. पण आयपी पत्ता एक. चाळीत खोल्या वेगळ्या असल्या तरी पाण्याची टाकी एकच असते, तसं. दुकानाने दिवाळीत जमेल तिथून गोळा केलेल्या पत्त्यांवर एका दमात हजारो जाहिराती सोडल्या, लोकांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं, आणि तो आयपी काळ्या यादीत गेला. की शाळेची प्रवेशपत्रंही अडकतात. शाळेचं काहीच चुकलेलं नसतं.

यावर उपाय आहेत. प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घाला. एखाद्याचा संकेतशब्द चोरीला गेला तरी नुकसान त्या मर्यादेतच राहतं. जाहिरातींची मोठी मेल या सर्व्हरवरून पाठवूच नका. ती वेगळ्या सेवेतून, दुकानाच्या उपडोमेनवरून जाऊ द्या. आणि तिघांना हे आधीच, लेखी सांगा. एका सर्व्हरवर राहणाऱ्यांनी एकमेकांना न ओळखताही एकमेकांची पत सांभाळायची असते.

कामाचा क्रम

डोमेन आधीपासून दुसरीकडे चालू असेल तर घाई करू नका. एक-दोन दिवस आधी एमएक्स नोंदीची मुदत, म्हणजे टीटीएल, कमी करा. नव्या सर्व्हरवर पेट्या आणि टोपणनावं आधी तयार करा, मगच एमएक्स बदला. बदलानंतर काही दिवस जुनी पेटीही बघत राहा आणि तिथली मेल नवीकडे उतरवून घ्या. शेवटी जुन्या सर्व्हरच्या यादीतून ते डोमेन काढून टाका. हे राहिलं तर त्या जुन्या सर्व्हरवरची इतर मंडळी तुम्हाला मेल पाठवतील तेव्हा तो बाहेर बघणारच नाही, स्वतःच्याच जुन्या पेटीत टाकेल.

नवा सर्व्हर मधे काही तास बंद पडला तर घाबरू नका. पाठवणारे सर्व्हर सहसा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात; पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस करतं. मेल हरवते ती आपण दारात चुकीचं "असा कोणी नाही" म्हटल्यावर. त्यानंतर कोणी पुन्हा येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*एकच माणूस तिन्ही डोमेनची मेल बघतो. तीन पेट्या करायच्या का?*
गरज नाही. एक पेटी आणि दोन टोपणनावं पुरतात. फक्त उत्तर पाठवताना प्रेषक बदलायला विसरू नका, आणि तो तक्ता आठवतो ना, त्यात या तिन्ही पत्त्यांना परवानगी लिहा.

*डोमेन देवनागरीत असेल तर?*
'.भारत' हे देवनागरी डोमेन 2014 पासून मिळतं. डीएनएसमध्ये ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातं, त्यामुळे एमएक्स वगैरे नेहमीसारखं. पत्त्याची डावी बाजूही देवनागरीत हवी असेल तर दोन्हीकडच्या सर्व्हरना तशी क्षमता लागते. पोस्टफिक्समध्ये ती 2015 च्या 3.0 आवृत्तीपासून आहे. समोरच्याकडे नसेल तर मेल परत येईल, म्हणून जोडीला एक रोमन पत्ता ठेवा.

*संस्थेने डोमेन सोडून द्यायचं ठरवलं तर खातं बंद केलं की झालं?*
नाही, आणि आजच्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टींपैकी ही एक. डोमेनची मुदत संपली की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि नवा मालक स्वतःचा एमएक्स लावू शकतो. मग त्या पत्त्यांवर येणारी प्रत्येक मेल त्याला मिळते. बँकेची, सरकारी नोंदणीची, 'संकेतशब्द विसरलात का' ची. आधी सगळीकडचे पत्ते बदला, त्यानंतरही काही वर्षं डोमेनचं नूतनीकरण करत राहा.

तेव्हा एक सर्व्हर, तीन डोमेन हे काम एका बैठकीत उभं राहतं. मग ते रोज सांभाळायचं असतं: नोंदवही वाचायची, बॅकअपमधून एखादी पेटी खरोखर परत आणून बघायची, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायचं. ते जमणार नसेल, तर मेल एखाद्या सेवेकडे सोपवण्यात कमीपणा नाही. डोमेन मात्र संस्थेच्याच नावावर ठेवा. बॅकअप आणि तो परत आणण्याची चाचणी, हा विषय पुढच्या व्याख्यानात घेऊ.